रोमचे भाऊ, पैठणचे भाऊ

ॲन आर्बर, १४ सप्टेंबर २०२५

ती. प्रल्हादकाकांना चारुताचा नमस्कार,

या महिन्याचं पत्र उशिरा लिहितेय, रागावू नका. आठ वर्षांची असताना मी अमेरिकेत सांता क्लाराला आले तेव्हा तुम्ही अट घातली होतीत, महिन्याला एक मराठी पत्र, नाहीतर तुमच्याकडे शुगर लँडला आल्यावर यामिनीकाकूच्या हातचं श्रीखंड बंद. श्रीखंडाच्या लोभाने सुरुवात केली आणि आता सवय झाली. पत्रातल्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवायची तुमची सवय मात्र गेली तरी चालेल.

इथल्या युनिव्हर्सिटीतल्या माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाचा विषय ठरला. काबिलोनुम नावाचं गाव, फ्रान्समधल्या सोन नदीच्या काठचं. दोन हजार वर्षांपूर्वी तो देश गॉल होता आणि या गावात एदुई जमातीचे लोक राहत. होड्यांतून धान्य यायचं, दारूचे रांजण यायचे, त्यामागून रोमन व्यापारी आले आणि त्यामागून रोमचं राज्य आलं. गंमत अशी की एदुईंना रोमच्या सिनेटने ‘रोमन जनतेचे भाऊ’ असा किताब दिला होता. अख्ख्या गॉलमध्ये हा मान फक्त त्यांचा. या ‘भाऊ’ शब्दाचं पुढे काय झालं, हे मी शोधतेय.

एका ठिकाणी घोडं अडलंय. एका नावाड्याच्या थडग्याचा दगड आहे. तो ज्याने उभा केला तो स्वतःला मेलेल्याचा ‘फ्रातेर’ म्हणवतो, म्हणजे भाऊ. पण हे लोक नावापुढे बापाचं नाव लावत, आणि या दोघांच्या बापांची नावं वेगळी आहेत. सावत्र भाऊ? नुसते मित्र? माझ्या प्राध्यापक म्हणतात, नक्की सांगता येणार नाही. तुम्हाला कोडी आवडतात म्हणून विचारते.

आता खरं सांगते, माझं लक्ष प्रबंधात नाही. मार्चमध्ये मला एकवीस पूर्ण होतील आणि त्या दिवशी मी बाबांच्या व्हिसावरचं मूल राहणार नाही. कंपनीमार्फतची बाबांची ग्रीन कार्डाची रांग माझ्या हयातीत संपेलसं दिसत नाही. विद्यार्थी व्हिसा मागितलाय, पण आमच्या वकील नीना म्हणतात की कायम राहण्यासाठी आमचा एक अर्ज आधीच असल्यामुळे तो मिळणं कठीण. त्यामुळे सगळी भिस्त त्या अर्जावर, म्हणजे बाबांचे भाऊ म्हणून तुम्ही २००६ साली टाकलेल्या अर्जावर. त्याचा नंबर लागलाय! तो इतकी वर्षं नुसता पडून होता, आणि जितका पडून राहिला तितकी वर्षं माझ्या वयातून वजा होतात. कायद्याच्या हिशेबाने मी अजून शेंबडी पोर आहे. नीना म्हणाल्या, नात्याचे पुरावे मागतील, ते दिले की झालं. काका, तुमच्या त्या एका अर्जावर माझा सगळा जीव टांगलाय.

तुमची,
चारू

शुगर लँड, २ ऑक्टोबर २०२५

चि. चारू, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. चुका फक्त चार, त्यातल्या दोन मुद्दाम केल्यास असा मला संशय आहे. इथे ऑक्टोबर उजाडला तरी गॅरेजचं दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरते. रिटायर झाल्यापासून तुझी काकू मला लॉनवर सोडते आणि हाक मारली की घरात घेते. डॉक्टरीण बाईपुढे पाइपलाइनवाल्याचं काही चालत नाही.

तुझ्या कोड्याला मला दोन मिनिटं लागली. अगं, चुलतभाऊ! एवढी शिकलेली माणसं डोकी फोडत बसली आणि हे सुचलं नाही? त्यांना सुचणार कसं, त्यांच्याकडे ‘कझिन’ म्हणून एक शब्द आहे, त्यात मामाचा, आत्याचा, मावशीचा सगळा गाळ भरतात. आपल्याकडे काकाचा मुलगा तो भाऊ. ‘चुलत’ हे फार तर तेराव्याला पाहुण्यांना समजावताना लावायचं. बापाचं नाव वेगळं आणि तरी भाऊ, यात कोडं कसलं? माझं मधलं नाव काय आणि तुझ्या बाबांचं काय, कधी बघितलंस का? मी प्रल्हाद श्रीधर, तो गिरीश वामन. वामनकाका गेले तेव्हा गिरीश पाच वर्षांचा होता. तेव्हापासून पैठणच्या घरात एका ताटात जेवलो, एका गोधडीत झोपलो, गोदावरीत पोहायला त्याला मी शिकवलं. दगडावर लिहायची वेळ आली असती तर मीही ‘भाऊ’ असंच लिहिलं असतं.

तेव्हा प्रबंधात बिनधास्त ठोकून दे. खाली टीप टाक, ‘पैठणच्या काकांचं मत’.

अर्जाची काळजी करू नकोस. रोमने त्या लोकांना भाऊ म्हटलं, आम्ही तर जन्मापासूनचे आहोत. पुरावे मागतील तर ट्रंक भरून देतो. मार्चमध्ये तुझा वाढदिवस आपण इथे करू, पुरणपोळ्यांचं यामिनीने आत्ताच ठरवलंय.

तुझा,
प्रल्हादकाका

ॲन आर्बर, ११ ऑक्टोबर २०२५

काका,

तुमचं पत्र मी बसच्या थांब्यावर उघडलं आणि समोरून बस गेली तरी हललेच नाही.

मला माहीतच नव्हतं. आमच्या हॉलमध्ये ज्या आजी-आजोबांचा फोटो आहे ते तुमचे आई-वडील, माझ्या बाबांचे नव्हेत, हे मला आज विसाव्या वर्षी एका गॉल नावाड्यामुळे कळलं. इथे बाबा सगळीकडे ‘गिरीश डब्ल्यू.’ आणि तुम्ही ‘प्रल्हाद एस.’. त्या अक्षरांच्या मागे कोण उभं आहे हे मी कधी विचारलंच नाही.

मी नीनांना फोन केला. आपल्याबद्दल नव्हे, असंच विचारतेय असं दाखवून विचारलं की चुलतभाऊ या अर्जात चालतो का. त्या हसल्या. म्हणाल्या, चुलतभावाला अर्जच करता येत नाही, आई किंवा वडील एक तरी सामाईक पाहिजेत. मग त्यांनी विचारलं, “चारुता, तू कुणाबद्दल विचारते आहेस?” मला खोटं बोलता आलं नाही.

बाबांना विचारलं तर म्हणाले, “अगं चुलत म्हणजे काय? दादा आहे तो माझा. दादाने बघितलं म्हणजे बघितलंय.” काका, खरंच बघितलं होतंत ना? मला तुमच्यावर ओरडावंसं वाटतंय आणि तुमच्याकडे पळत यावंसंही वाटतंय. मी इथे राहू शकले नाही तर कुठे जाऊ? पुण्यात मावशी आहे, तिला मी आयुष्यात दोनदा भेटलेय.

नीना म्हणाल्या, एकच दार आहे. बाबांना सोळा वर्षांच्या आत तुमच्या आई-वडिलांनी दत्तक घेतलेलं असेल, तर तुम्ही कायद्याने भाऊ. घेतलं होतं का? हो म्हणा. कृपा करून हो म्हणा.

चारुता

शुगर लँड, २६ ऑक्टोबर २०२५

चि. चारू,

दोन दिवस दिसेल त्याच्यावर डाफरत होतो. यामिनी म्हणाली, ब्लडप्रेशर बघू या, तर तिच्यावरही खेकसलो. एका पोरीने फोनवर हसावं आणि माझा भाऊ माझा भाऊ राहू नये? त्या फॉर्मवर ‘ब्रदर’ असं छापलं होतं. मी इंजिनियर आहे, वकील नाही. ब्रदर म्हणजे भाऊ, हे मला पाचवीत शिकवलं. सोबत माझ्या आईचं प्रतिज्ञापत्र लावलं होतं, ‘प्रल्हाद व गिरीश हे दोघे माझे मुलगे’. ती माउली खोटं बोलली नाही आणि मीही बोललो नाही. आमच्या पैठणला सातवाहनांचं राज्य होतं, अगं, तुझ्या त्या रोमनांच्याच काळात. तिथले राजे आपल्या नावात आईचं नाव लावत, गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र. तसं लावायची पद्धत राहिली असती तर आम्हा दोघांचं मधलं नाव एकच असतं आणि तुझी ती नीना हसली नसती.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो.

वामनकाका गेले आणि वर्षभरात काकू अंथरुणाला खिळली. आपण उठत नाही हे तिला कळलं होतं. एका सकाळी ती गिरीशला न्हाऊ घालून, नवी चड्डी-सदरा घालून, भिंतीचा आधार घेत घेत आमच्या ओटीवर घेऊन आली. माझी आई तांदूळ निवडत होती. काकूने सूप बाजूला केलं, गिरीशला आईच्या मांडीवर बसवलं आणि म्हणाली, “वहिनी, हा तुम्हाला दिला.” आई म्हणाली, “घेतला.” वडील दारात उभे होते. मी तिथेच होतो, अकरा वर्षांचा, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. होम नाही, भटजी नाही. पण दिला आणि घेतला, याहून दत्तक म्हणजे वेगळं काय असतं?

हे मी शपथेवर सांगेन. नीनाला सांग, पाहिजे तिथे सही घे. बघ, किती घाबरलीस उगीच.

प्रल्हादकाका

ॲन आर्बर, ३० ऑक्टोबर २०२५

काका! काका! काका!

नीना म्हणाल्या, दत्तकपत्र नसलं तरी चालू शकतं. भारताच्या कायद्यात खरोखर देणं आणि घेणं झालं हे महत्त्वाचं, होम सक्तीचा नाही. तुमच्या हकिकतीवरून त्या मसुदा करतायत. भारतातल्या एका वकिलांना दाखवून पुढे पाठवतील. मी आज तीन आठवड्यांनी पोटभर जेवले.

आणि ऐका. काबिलोनुमच्या लोकांना त्या ‘भाऊ’ शब्दाचा खरंच उपयोग झाला! रोमचं राज्य आल्यावर शंभरेक वर्षांनी गॉलमधल्या बड्या लोकांनी रोमच्या सिनेटमध्ये जागा मागितली, तेव्हा पहिली जागा एदुईंना मिळाली. कारण दिलं होतं, हेच जुने मित्र आणि भाऊ म्हणवणारे हेच एकटे. म्हणजे शब्द टिकतो, काका. उशिरा का होईना, कामाला येतो.

बाबांना मांडीवर बसवल्याची गोष्ट फोनवर वाचून दाखवली. ते म्हणाले, “आईचा वास आठवतो. कुठल्या आईचा ते आठवत नाही.”

चारू

ॲन आर्बर, ९ डिसेंबर २०२५

काका,

इतके दिवस लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही व्हावं याची वाट बघत होते. आता झालंय ते लिहवत नाही.

विद्यार्थी व्हिसा नाकारला. आणि भारतातल्या वकिलांनी नीनांना एकच प्रश्न विचारला, “त्या वेळी दत्तक घेणाऱ्यांना स्वतःचा मुलगा होता का?” कायदा असा आहे की ज्याचा मुलगा हयात आहे त्याला दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही. घेतला तरी तो दत्तक मुळातच रद्द.

तुम्ही होतात, काका. तुम्ही ओटीवर उभे होतात.

आजीने “घेतला” म्हटलं ते कायद्याने हवेत गेलं. नीना म्हणाल्या, आता अर्ज मागे घ्या. त्यात चुकीचं नातं आहे हे कळूनही तो चालू ठेवला तर फसवणूक ठरेल आणि बाबांची कंपनीची रांगही कायमची जाईल. आईने, म्हणजे माझ्या आईने, सुलेखाने, हे ऐकून कपाट उघडलं आणि घड्या केलेले कपडे पुन्हा घड्या करत बसली.

इथे बर्फ पडलाय. मी लायब्ररीत जाते, त्याच पानावर बसते. सीझरशी युद्ध पेटलं तेव्हा काबिलोनुममध्ये व्यापारासाठी राहिलेल्या रोमनांना एदुईंनी सांगितलं, गाव सोडा, वाटेत कुणी हात लावणार नाही. आणि वाटेत त्यांना लुटलं. पूर्वी हे पान वाचताना मी एदुईंच्या बाजूची होते, राज्य त्यांच्यावर होणार होतं म्हणून. आता मी ते सामान बांधणाऱ्यांच्या घरात शिरते. त्यांत कुणी विशीतली मुलगी असेल, तिला आठवतंय तेवढं सगळं त्याच नदीकाठचं असेल. मला खूप भीती वाटते, काका.

चारुता

शुगर लँड, ३ जानेवारी २०२६

चि. चारू,

झोप लागत नाही, पण मार्ग सापडलाय. नीट वाच आणि अजून कुणाला बोलू नकोस.

मी घरात होतो म्हणून अडलं ना? मग मी नव्हतो. माझ्या मामांना मूलबाळ नव्हतं. गिरीश यायच्या आधी मला मामांना दत्तक दिलं होतं, असं मी सांगतो. सुट्टीत मी मामांकडे औरंगाबादला राहायचोच, शाळेतले दोन मित्र साक्ष देतील. मी दिला गेलो म्हणजे घर रिकामं झालं, गिरीशचं दत्तक पक्कं झालं. खोटं आहे, मला कळतं. आयुष्यभर मी टॅक्समध्ये एक डॉलर लपवला नाही. पण तुझ्यासाठी हे एक खोटं मी बोलेन आणि वर जाऊन आईला काय सांगायचं ते सांगेन. यामिनी म्हणते माझं डोकं फिरलंय. फिरू दे.

काका

ॲन आर्बर, ८ जानेवारी २०२६

काका,

तुमचं पत्र वाचून मी आधी रडले आणि मग कागद घेऊन मांडून बघितलं. नीनांना विचारायचीही गरज पडली नाही.

तुम्हाला मामांना दिलं असेल, तर बाबा आजी-आजोबांचे मुलगे होतात. पण तुम्ही त्यांचे राहत नाही. तुम्ही मामांचे मुलगे होता. मग तुम्ही दोघं पुन्हा भाऊ नाही. तुम्ही घरात असलात तर बाबा येऊ शकत नाहीत, बाबा यायचे तर तुम्हाला जावं लागतं. एका वेळी दोघांना त्या ओटीवर उभं करायला जागाच नाहीये, काका. मी सगळ्या बाजूंनी बघितलं.

तुम्ही खोटं बोलायला निघालात हे मी कधी विसरणार नाही. पण बोलू नका. बाबांची रांग तरी राहू दे. एदुईंनाही भाऊ म्हणून करात सूट मिळाली नव्हती. वैतागून त्यांनी बंड केलं, आणि त्यांना चिरडायला निघालेल्या सैन्याला कुणी त्या शब्दाची आठवण केली असेल असं वाटत नाही.

तिकीट एक मार्चचं काढलंय. प्रबंध तिकडून पाठवायची परवानगी मिळाली. पुण्याला नैनामावशीने खोली रंगवून घेतलीय म्हणे. मला तिथे कुणी ओळखत नाही, रस्ता ओलांडतासुद्धा येणार नाही. मला जायचं नाहीये. हे एकदा कुणालातरी स्पष्ट लिहायचं होतं.

चारू

शुगर लँड, ८ फेब्रुवारी २०२६

चि. चारूस,

अर्ज मागे घेतला. तुला नीनाकडून कळलंच असेल, पण माझ्याकडूनही कळावं म्हणून लिहितो.

तुझे बाबा शुक्रवारी अचानक सांता क्लाराहून आले. विमानतळावर घ्यायला गेलो तर हातात फक्त एक पिशवी. म्हणाले, “तू एकट्याने सही करू नकोस, दादा.” वाटेत दोघंही ट्रॅफिकवरच बोललो. ह्यूस्टनचा ट्रॅफिक नेहमीसारखाच होता, तेवढं निमित्त पुरलं.

नीनाने मसुदा पाठवला होता, एकच पान. त्यात लिहिलं होतं की कायद्याच्या व्याख्येनुसार गिरीश माझा भाऊ नाही. मी म्हटलं, मी हे लिहिणार नाही. ‘चुलतभाऊ आहे’ एवढंच लिहितो. गिरीशने नीनाला फोन लावला. ती बिचारी समजावून म्हणाली, “काका, ‘नाही’ हा शब्द लागेल.” मी पेन खाली ठेवलं. यामिनी उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. शेवटी गिरीशने माझ्या हातात पेन दिलं, लहानपणी मी त्याच्या हातात पाटीवरची पेन्सिल द्यायचो तसं, आणि कुठे सही करायची तिथे बोट ठेवलं. मी केली. सही माझीच आहे, कुणी शंका घेणार नाही.

चारू, तुला इथे ठेवायला मी दुसरं काहीही दिलं असतं. हे द्यायला सांगितलं आणि देऊनही तू जाणारच आहेस. याचा मला इतका संताप येतो की तो कुणावर काढावा तेच कळत नाही. हसणाऱ्या नीनावर नाही, ती चांगली पोर आहे. एक मार्चला मी आणि काकू डेट्रॉइटला येतो, तुला विमानात बसवायला. येऊ नका म्हणू नकोस.

सही झाल्यावर जेवायला बसलो. यामिनीने पिठलं-भात केला होता. गिरीशने निम्मा भात खाल्ला आणि हात तसाच ताटात ठेवून माझ्याकडे बघत राहिला. छप्पन्न वर्षांचा माणूस, केस पांढरे झालेले. म्हणाला, “दादा, मग आता मी तुझा कोण?”

मी माझं ताट बाजूला सारलं आणि त्याच्या ताटातला उरलेला भात खायला बसलो.

काका